उजव्या टोकाचं वळण

तंबाखू निघाली की आमच्याकडची शेतं एकदम मोठी दिसायला लागतात. निपाणीत या दिवसांत वखारींच्या गल्लीतून जाताना नव्या माणसाला ठसका लागतो, शिंका येतात. आम्हाला तो वास येत नाही. चार दिवस परगावी राहून परत आलं की स्टँडवर उतरल्यावर तेवढा एकदा येतो, आणि घरी पोचेपर्यंत जातो.

यंदाही शेतं रिकामी झाली. परवा बोरगावच्या रस्त्यानं येताना माळाकडं नजर गेली. गवत वाळून पिवळं झालं होतं आणि काठीला बांधलेली जुन्या नायलॉनच्या साडीची पट्टी सरळ आडवी झाली होती. म्हणजे वारा पश्चिमेचा आणि जोराचा. दोन वर्षांपूर्वी मला तिथं फक्त चिंधी दिसली असती. घरी आले, कपाटावरच्या बॅटऱ्या खाली काढल्या आणि चार्जिंगला लावल्या. नवरा पेपर वाचत होता. म्हणाला, "सुरू झाला तुमचा हंगाम?"

"झाला," मी म्हटलं.

माझं माहेर गुंजीचं. तिथं आभाळ तुकड्यातुकड्यांनी दिसतं. झाडं इतकी, की वर बघायचं तर आधी जागा शोधावी लागते. लग्न होऊन निपाणीला आले तेव्हा इथल्या उघड्या माळाचा मला कंटाळाच यायचा. बघायला काही नाही, सावली नाही. एवढ्या आभाळाचं करायचं काय, असं वाटायचं. त्याचा उपयोग गेल्या वर्षी सापडला.

मी फौंड्रीत कास्टिंग तपासते. कोगनोळीचा नाका ओलांडून रोज हद्दीपलीकडं कामाला जाते. ओतून, थंड होऊन, घासून आलेला माल माझ्यापुढं येतो. मी तो मोजते, उलटा करते, हातोडीनं हलकं टिचकवून आवाज ऐकते आणि पसंत पडला नाही तर लाल खडूनं फुली मारते. साचे करणाऱ्या मोल्डिंगवाल्यांना मी आवडत नाही. आवडावं म्हणून मला ठेवलेलं नाही.

अण्णा आमच्याच गल्लीतले. त्यांच्या आईनं जन्मभर वखारीत तंबाखू निवडली. अण्णा शिकले, बेळगावात एका तंत्रशाळेत वीज विभागात मास्तर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. गल्लीतला कुठलाही मिक्सर, इस्त्री, पंप त्यांच्याकडं जातो. पण त्यांचा जीव रिमोटच्या विमानांत. जाहिरातीच्या फलकांसाठी असतो तो सनबोर्ड कापून ते पंख करतात, ऊन दाखवून वाकवतात, सुरीच्या पात्यानं कडा तासतात. त्यांच्या पुढच्या खोलीत छताला विमानं टांगलेली असतात. पंखा लावला की सगळी हळूहळू एकाच दिशेला तोंड करतात.

माळावर पाचसहा जण उडवतात. त्याला आम्ही क्लब म्हणतो. क्लबचं काम बघतो तो निपाणीतला एक दातांचा डॉक्टर. वयानं लहान, पण नियमांचा पक्का. गेल्या वर्षाच्या आदल्या पावसाळ्यात अण्णांचा डावा डोळा काचबिंदूनं गेला. उजवा चांगला होता, कमी उजेडात मात्र तोही कच खायचा. डॉक्टरनं सगळ्यांसमोर, पण नीट बोलून सांगितलं की अण्णा उडवतील, पण शेजारी क्लबची परीक्षा पास झालेलं कोणीतरी उभं पाहिजे. विमान नजरेतून हरवलं तर दुसऱ्यानं हातात घ्यायला पाहिजे. अण्णांनी मान हलवली. त्यांनीच पूर्वी हा नियम शिकाऊ पोरांसाठी केला होता.

अडचण अशी की पास झालेले सगळे नोकरी-दवाखान्याचे, ते रविवारी येणार. अण्णांना रोज उडवायचं असतं. म्हणून ते शोधायला लागले की रोज संध्याकाळी माळावरून कोण जातं. पहिली पाळी संपवून स्कूटरवरून मी जात होते. बोरगावच्या वाटेवर आमचा थोडा ऊस आहे, तिकडं माझी फेरी असायची.

एक दिवस त्यांनी मला हात करून थांबवलं.

"शोभा, तुला शिकवू का?"

"काय?"

"इमान."

"मला काय करायचंय अण्णा ते?"

"तुला न्हाय गं, मला करायचंय. तू पास झालीस की माझ्या शेजारी उभी ऱ्हा. मग मी रोज उडवीन. न्हाईतर हे डॉक्टर मला आठवड्याला एकदा सोडतंय, गाय चरायला सोडल्यागत."

मागणी सरळ होती. मला सरळ मागणी करणारी माणसं बरी वाटतात. मी म्हटलं, "किती दिवस लागतील?"

"हंगामभर. पावसाच्या आत झालं तर झालं."

आणि मी हो म्हटलं. विमानांचं वेड म्हणून नाही. माणसाचा एक डोळा गेला होता, दुसऱ्याचा भरवसा नव्हता, आणि त्याला जे करायचं होतं ते माझ्या अर्ध्या-पाऊण तासावर अडलं होतं. तेवढा वेळ माझ्याकडं होता.

माघातल्या त्या संध्याकाळी मला आता सलग आठवत नाहीत. हाताला आठवतात. रिमोटच्या दोन स्टिक, अंगठ्याखाली त्यांची खरखर. विमान जमिनीवर ठेवून मोटर सुरू केली की मागच्या गवताला येणारा शहारा. वाळलेल्या मातीचा वास आणि त्यात मधेच गरम झालेल्या वायरीचा. मान वर करून करून घरी गेल्यावर पोळ्या लाटताना लागणारी कळ. पलीकडच्या रानात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलेलं असायचं. त्याचा धूर सरळ वर जायला लागला की अण्णा म्हणायचे, "आता हवा बसली. चल."

विमान दूर जात असताना सगळं सोपं असतं. उजवी स्टिक उजवीकडं, विमान उजवीकडं. ते वळून आपल्याकडं तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. आपण उजवीकडं म्हणून दाबतो आणि ते आपल्या डाव्या हाताला जातं. शहाणं माणूस घाबरतं आणि आणखी दाबतं. अण्णांनी यावर एकच गोष्ट शिकवली. म्हणाले, "डावं-उजवं इसर. कुठला पंख खाली पडतोय ते बघ आणि त्या पंखाखाली स्टिकचा टेकू दे. केळीचा घड वाकला की देतोस न्हवं टेकू? तसा." ते मला 'देतोस' म्हणायचे, शिकवण्याच्या भरात. वर्गात सगळी पोरंच असणार.

टेकू मला लगेच कळला. अंगठ्याला कळायला फार वेळ लागला.

शिकवण्यापुरतं छोटं विमान उजेडात उडवायला डॉक्टरनं अण्णांना मुभा दिली होती. शिकवताना तारेनं जोडलेले दोन रिमोट असतात, एक त्यांच्याकडं, एक माझ्याकडं. त्यांच्या रिमोटला एक खटका. तो त्यांनी ओढून धरला की विमान माझ्या हातात, सोडला की त्यांच्या. मी गडबडले की ते "घेतलं" म्हणायचे आणि विमान गुपचूप सरळ व्हायचं. पुन्हा "दिलं" म्हणायचे. घेतलं, दिलं, घेतलं, दिलं. माळाचे मालक आप्पा बांधावर बसून म्हशी राखायचे. एकदा म्हणाले, "मास्तर, द्यायचं तर एकदाच द्या की. सारखं काय घेताय माघारी?"

"आप्पा, तुमच्या म्हशीवर पडलं म्हंजे?"

"पडू दे. दूध कुठनं कमी झालं ते तरी कळंल."

हळूहळू 'घेतलं' कमी झालं. फेब्रुवारी सरताना तर अण्णा जवळजवळ गप्पच उभे असायचे. मला वाटलं, जमायला लागलं.

परीक्षा तशी साधी असते. विमान उचलायचं, मैदानाच्या कडेनं चौकोनी फेरी मारायची, मग तीच उलट्या दिशेनं. मग आठचा आकडा. मग वर जाऊन मोटर बंद करायची आणि जेवढी उंची हातात आहे तेवढ्यावर, गवत काढून केलेल्या उतरायच्या पट्टीत उतरवायचं. काय करणार ते दर वेळी मोठ्यानं ओरडून सांगायचं, म्हणजे माळावर जो कोणी असेल तो सावध होतो. नंतर तोंडी प्रश्न. हे सगळं दोन जुन्या जाणत्यांना पटलं की शेजारी कुणी उभं न राहता उडवायची मोकळीक.

मला सगळ्यात जड गेलं ते ओरडणं. लहानपणी भातावरची पाखरं हाकलताना ओरडले असेन, त्यानंतर रिकाम्या हवेत ओरडायचा प्रसंग नव्हता. फौंड्रीत ओरडावं लागतं, पण तिथं समोर माणूस असतो. इथं मोकळ्या माळावर "उतरतंय!" म्हणून हाक मारायची आणि उत्तर कुणी द्यायचं नाही. माझा आवाज पहिल्यांदा इतका बारीक निघाला की आप्पा म्हणाले, "बाई, कुणाला सांगताय? इमानाला?" क्लबात एक जण इंग्रजीत ओरडतो, दुसरा कन्नडमध्ये 'बंतु' म्हणजे 'आलं' म्हणतो. कसंही ओरडा, कळल्याशी कारण.

मार्चच्या सुरुवातीला एका रविवारी परीक्षा ठरली. परीक्षक डॉक्टर आणि अण्णाच. त्या दिवसांत दहावीच्या केंद्रांबाहेर गर्दी असते. पोरगं आत, अर्धं घराणं बाहेर. खिडकीशी लोंबकळणारा मामा तर प्रत्येक गावात एक असतोच. माळावरही काही वेगळं नव्हतं. गल्लीतले चार जण आले होते. आणि डॉक्टरनं बेळगावचा कुंदा आणला होता. परीक्षेच्या आधीच. डबा उघडून गाडीच्या टपावर ठेवला होता.

"निकालाआधी?" मी विचारलं.

"आक्का, तुम्ही नापास होताय व्हय?" डॉक्टर म्हणाला. "अण्णा शिकवायलेत म्हटल्यावर!"

रिमोट जोडलेलेच ठेवायचे, असं अण्णांनी सांगितलं. काही झालं तर हाताशी असावं म्हणून. डॉक्टरनं मान हलवली. अण्णांना तो काय बोलणार? उडवायला त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

मी उडवलं. दोन्ही फेऱ्या झाल्या, आठ झाला, मोटर बंद करून उतरवलं, पट्टीच्या जरा बाहेर पण गवतातच. प्रश्नांची उत्तरं दिली. टाळ्या झाल्या. आप्पांनी तर आधीच कुंदा खाल्ला होता. डॉक्टर माझा हात हातात घेऊन म्हणाला, "आक्का, पास. एकच सांगतो. तुमचं माळाच्या उजव्या टोकाचं वळण लई गुळगुळीत आहे, माझ्यापेक्षा चांगलं. डाव्या टोकाला मात्र दर वेळी नाक पडतं. थोडी गडबड होते, मग सावरता. तेवढं बघा."

माझ्या तळहातावर कुंदा होता. मी तो तोंडात घातला नाही.

कास्टिंगमध्ये कधीतरी असं होतं की माल येतो आणि दोष फक्त एका बाजूला असतो. दुसरी बाजू आरशासारखी. नवा माणूस वाईट बाजू घेऊन बसतो, ती का वाईट झाली ते शोधत. मी आधी चांगली बाजू बघते. एकाच ओतातला लोखंडाचा रस निम्मा चांगला आणि निम्मा वाईट नसतो. माझे अंगठे तेच, विमान तेच, वारा तोच. डाव्या टोकाला मी चुकत होते, तर उजव्याला चुकायला हवंच होतं.

मग आठवलं. उजव्या टोकाला, शेवटच्या फेरीत, नाक खाली जाताना मी बघितलं होतं. स्टिक ओढायला मला उशीर झाला होता. विमान मात्र वेळेवर वर आलं होतं. माझा हात हलायच्या आधी.

आणि अण्णांचा डावा डोळा गेलेला. डावीकडचं विमान त्यांना मान वळवून शोधावं लागतं. उजवीकडचं लख्ख दिसतं.

मी म्हटलं, "अण्णा, एकदा तुमचा रिमोट बंद करून उडवते."

"आता कशाला? वारा सुटलाय."

"काठीवरची पट्टी तर लोंबतीय," मी म्हटलं. "वारा कुठाय?"

ते माझ्याकडं बघेनात. रिमोटची तार गुंडाळत बसले. मग मी जरा मोठ्यानं म्हटलं, ओरडायची सवय झालीच होती. "उजव्या टोकाला मी उडवत नव्हते. तुम्ही उडवत होता. घेतलं म्हणायचं मधेच बंद केलंत."

डॉक्टर एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागला.

"थोडा हात लावला असंल," अण्णा म्हणाले. "पोर पाण्यात उतरली की कमरेला धरतोयच की माणूस."

"धरा. पण पवायला येतं म्हणून सांगू नका."

"शोभा, दोन महिन्यांत वळीव येणार. तू पास झाल्याबिगर मला कोण उडवू देतंय? यंदाचा उजवा डोळा पुढच्या वर्षी असंल, ह्याची चिठ्ठी दिलीय का कुणी?"

"आणि मी पास होऊन तुमच्या शेजारी उभी राहिले," मी म्हटलं, "इमान गेलं कुठंतरी, तुम्हाला दिसंना, तुम्ही माझ्या हातात दिलंत. मग?"

उत्तर आप्पांनी दिलं. "मग माझी म्हस गेली."

डॉक्टर हळूच म्हणाला, "अण्णा, रिमोट बंद करा."

मी एकटीनं उडवलं. डाव्या टोकाला नाक पडलं, मी सावरलं. तिथं मला कुणी मदत केली नव्हती, त्यामुळं सावरणं मला येत होतं. मग विमान माझ्याकडं तोंड करून आलं, पुढून गेलं आणि उजव्या टोकाला पोचलं. नाक पडलं. मी वाट बघितली. खरंच, माझा अंगठा थांबला, जसं नळ उघडल्यावर आपण पाण्याची वाट बघतो तसा. विमान सरळ खाली गेलं, आप्पांच्या तुरीच्या वाळलेल्या काड्यांत. आवाज फार झाला नाही. सनबोर्ड मोडताना खाकऱ्यासारखा वाजतो.

"म्हशीचं वाचलं," आप्पा म्हणाले.

डॉक्टरनं मघाचा निकाल मागं घेतला. कुंदा मागं घेता येत नव्हता, तो सगळ्यांच्या पोटात होता. माझा तेवढा हातात वितळला होता. हात धुवायला पाणी नव्हतं म्हणून शेवटी खाल्ला.

त्या संध्याकाळी स्कूटरवरून येताना मला राग आला होता का, याचा मी नंतर विचार केला आहे. आला होता, पण फसवलं म्हणून नाही. ज्या बाजूला त्यांना नीट दिसत होतं, ती बाजू त्यांनी मला शिकूच दिली नव्हती. जी दिसत नव्हती ती मी शिकले. काही घरांत पोरींचं असंच होतं. ज्या घरात आईला स्वयंपाक उत्तम येतो, त्या घरच्या पोरींना चहासुद्धा नीट येत नाही. आमच्या फौंड्रीतही एक फार हुशार सुपरवायझर होता. तो गेल्यावर त्याच्या हाताखालच्यांना भट्टीचं झाकण कधी उघडायचं ते सांगता येईना.

दोन दिवस मी माळावर गेले नाही. तिसऱ्या दिवशी अण्णा आमच्या दारात. हातात ते विमान, मोडलेला पंख काढून नवा लावलेला. नवा पंख रंगवलेला नव्हता, पांढराच.

"चहा घ्या," मी म्हटलं.

"चहा नको. संध्याकाळी ये. तार घरात ठेवून येतो."

"नक्की?"

"तपास की. तुझं कामच हाय ते."

मार्चचं ऊन आणि चैत्रातली धूळ, हे पुढचे दिवस असे गेले. ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची साय काढल्यासारखी माती उडायची आणि माळाच्या कडेची बाभळ तपकिरी दिसायची. आम्ही फक्त उजवं टोक केलं. अण्णा माझ्या उजव्या हाताला उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागं बांधून. माझी चूक त्यांना लख्ख दिसत होती. नाक पडायला लागलं की त्यांच्या घशातून एक बारीक आवाज निघायचा, उकळीला आलेल्या दुधाकडं बघताना निघतो तसा, पण हात मागून पुढं येत नव्हते. त्यांना ते फार कठीण जात होतं हे मला दिसायचं. मी तिकडं बघत नव्हते. बघायला मला सवडही नव्हती.

विमान आणखी दोनदा पडलं. प्रत्येक वेळी त्यावर पांढरा तुकडा वाढला. एकदा आप्पांनी वरून हात फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, ह्याच्यात जुनं इमान कुठलं ऱ्हायलंय आता?"

"मोटर," अण्णा म्हणाले. "आणि शोभा."

हवा कोरडी होत गेली तसा विमानाचा आवाज स्वच्छ झाला. मी कास्टिंगचा आवाज ऐकते तसा मोटरचाही ऐकायला लागले. ताणली की एक सूर, उतरताना दुसरा. एका संध्याकाळी उजव्या टोकाला नाक जरासं पडलं आणि माझा अंगठा आपणहून गेला. कुठं चुकलं, काय केलं, काही कळायच्या आत झालं आणि विमान पुढं निघूनही गेलं. अण्णांच्या घशातून काही आवाज आला नाही. बॅटरी संपेपर्यंत उडवलं आणि घरी आलो.

दुसरी परीक्षा एप्रिलात झाली. गल्लीतलं कुणी आलं नव्हतं, कुणी काही आणलं नव्हतं. परीक्षक म्हणून डॉक्टर आणि क्लबातला आणखी एक जुना माणूस होता. अण्णांनी स्वतःहून नाव काढून घेतलं होतं. ते आप्पांशेजारी बांधावर जाऊन बसले, आमच्याकडं पाठ करून. आप्पा त्यांना सांगत होते, "गेलं वर. वळलं. आता खाली. न्हाय, न्हाय, आलं की." त्यांचं सांगणं मला उडवताना ऐकू येत होतं आणि त्याचा त्रासही होत होता. परीक्षा अशीच द्यावी लागते. आप्पांना गप्प बसवण्याची तरतूद नियमांत नाही.

मोटर बंद करून मी विमान पट्टीत टेकवलं. सुरेख वगैरे नाही. एकदा उसळलं, मग बसलं.

"आक्का, पास," डॉक्टर म्हणाला. जुन्या माणसानं मान डोलावली.

अण्णा उठून आले. अभिनंदन वगैरे त्यांनी केलं नाही. गाडीतून स्वतःचं मोठं पिवळं विमान काढलं, त्याला पंख जोडायला लागले. त्यांचे हात घाईत होते. डिसेंबरापासून त्यांनी ते रविवार सोडून उडवलं नव्हतं आणि त्या दिवशीही रविवारच होता. डॉक्टर होता, दुसरे होते. पण त्यांना माझ्याबरोबर उडवायचं होतं.

"चल. उभी ऱ्हा शेजारी."

मी पश्चिमेकडं बघितलं. सूर्य टेकला होता. धुळीनं सगळं आभाळ ताकासारखं झालं होतं, त्यात पिवळं विमान म्हणजे काहीच नाही. मलाच माझं विमान शेवटच्या फेरीत ठिपक्याएवढं दिसत होतं, आणि माझे दोन्ही डोळे चांगले आहेत.

"आज न्हाय अण्णा."

"काय?"

"उजेड गेलाय. तुम्हाला दिसणार न्हाय."

त्यांनी पंख बांधायचा रबर अर्धा ताणलेला तसाच धरला. डॉक्टर एकदम बॅटऱ्या आवरायला लागला. कुणाला त्या वाटेला यायचं नव्हतं.

"एकच फेरी," अण्णा म्हणाले. "मी काय लांब नेतोय व्हय?"

"एक पण न्हाय."

"मला अडवायला शिकवलं का तुला?"

"व्हय," मी म्हटलं. "आणि कशाला शिकवलंत?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, तो मी बघून घेतला. फौंड्रीत लाल फुली मारल्यावर रोज बघते, त्यामुळं तो झेलता येतो. फरक एवढाच की तिथल्या माणसांनी मला फुली मारायला शिकवलेलं नसतं. शेवटी त्यांनी रबर काढला, पंख सुटा केला आणि विमान परत गाडीत ठेवलं. मग आत बसून दार जरा जोरात लावलं.

"मग कवा?" आतूनच विचारलं.

"सकाळी. ऊन वर आलं की. वारा नसतो, उजेड वाढत जातो."

"सकाळी तुझी पाळी."

"बघते मी."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन दुसरी पाळी मागून घेतली. कारण विचारलं तेव्हा घरचं काम सांगितलं. नवऱ्याला खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आता रात्रीचं जेवण मी वाढून घ्यायचं?" मी म्हटलं, "हो." तो पुन्हा पेपरात गेला. वाढून घ्यायला त्याला छान येतं.

एप्रिल-मेच्या सकाळी माळावर कुणी नसतं. दव सुकलेलं असतं, गवत अजून तापलेलं नसतं. टिटव्या ओरडत उठतात आणि लांब जाऊन बसतात. अण्णा पहिल्या दिवशी माझ्याशी बोलत नव्हते. विमान जोडलं, तार लावली, आता खटका माझ्या रिमोटवर होता. त्यांनी मोटर वाढवली आणि पिवळं विमान पट्टीवरून असं उठलं की मला कळलं, मला जे येतं ते फक्त न पाडणं आहे. ते जे करत होते त्याला उडवणं म्हणायचं.

मी त्यांच्या डाव्या हाताला उभी होते. विमान डाव्या टोकाकडं गेलं. त्यांची मान वळली, शोधायला लागली आणि अंगठा जागीच थांबला. मी म्हटलं, "आहे. बांधाच्या वर. नाक आपल्याकडं. डावा पंख जरा खाली."

अंगठा हलला. पंख सरळ झाला.

"वळतंय," मी म्हटलं. "वळलं. येतंय."

"दिसलं," अण्णा म्हणाले.

मी बोलायची थांबले. विमान आमच्या पुढून उजवीकडं गेलं आणि तिकडं त्यांनी त्याला उलटं केलं, पाठीवर नेलं, पुन्हा सरळ केलं. तिथं मला सांगण्यासारखं काही नव्हतं. मग ते वळून परत यायला लागलं.

वळीव येईपर्यंत रोज सकाळी असंच चाललं. डावीकडं गेलं की मी बोलायचे, उजवीकडं आलं की गप्प व्हायचे.